घोट्याला पट्टी, मोज्याला कात्री

थोरल्या बहिणीचा सकाळी सकाळी फोन आला. ''अगं, हिचं डोकं फिरलंय का बघ एकदा. दिवाळीत घेतलेले नवेकोरे मोजे कात्रीनं कापून टाकलेत कार्टीनं. आणि दप्तरात पांढऱ्या चिकटपट्टीचे रोल. वह्यापुस्तकांना कव्हर घालायला कधी एवढी चिकटपट्टी लागली नाही, ती हिच्या पायाला लागते!''

हिचं म्हणजे माझ्या भाचीचं. नववीत आहे आणि फुटबॉल खेळते.

कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्यांना मुलीनं फुटबॉल खेळण्याचं आता तितकंसं नवल राहिलेलं नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही आमच्याकडे तालमींची नावं आणि तीच फुटबॉल संघांचीही. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठेतल्या गल्ल्या ओस पडतात. २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आणि २०२२ मध्ये याच वयाच्या मुलींचा विश्वचषकही भारतातच झाला. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत अंतिम सामना होता, स्पेनने कोलंबियाला १-० असं हरवलं. आम्ही घरातल्या चौघी बायका टीव्हीपुढे होतो. खेळातलं फार कळत नव्हतं, पण बायकांची नजर जायची तिथं जातेच. या मुलींच्या घोट्यांवर, मोज्यांच्या वरून चिकटपट्ट्या कशाला गुंडाळल्यात? जाऊबाईंनी लगेच निदान केलं, ''सगळ्यांचेच पाय मुरगळलेत वाटतं.''

तेव्हा आम्ही हसलो. पण पुढे भाचीच्या पायावर वेळ आली तेव्हा या पट्ट्यांचं प्रकरण मला मुळापासून समजून घ्यावं लागलं. दोन-तीन महिने मैदानावर, फिजिओथेरपिस्टकडे आणि पुस्तकांत डोकं घातल्यावर जे कळलं, ते ज्यांच्या घरात खेळणारी मुलगी आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, मोज्यावरून जी पट्टी दिसते तिचा दुखण्याशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. संघाचे मोजे गुडघ्यापर्यंत लांब, नायलॉनचे, गुळगुळीत. बुटात पाय सरकतो. मग खेळाडू काय करतात, त्या मोज्याचा पावलाचा भाग कापून टाकतात आणि आत दुसरा आखूड मोजा घालतात. त्याच्या तळव्याला रबराचे बारीक ठिपके असतात, त्यामुळे पाय बुटात घट्ट राहतो. वरच्या आणि खालच्या मोज्याचा सांधा उघडा दिसू नये, सरकू नये म्हणून त्यावर पट्टी. माझ्या भाचीनं कात्री चालवली ती यासाठी. नडगीला मार लागू नये म्हणून मोज्याच्या आत जी ढाल घालतात, शिनगार्ड, ती घालणं नियमानंच सक्तीचं आहे. पळताना ती खाली घसरते, म्हणून तिच्या खालीही एक पट्टी. आणि या पट्टीचा रंग कोणता असावा यालाही नियम आहे बरं का! मोज्याच्या ज्या भागावर ती लावायची, त्याच रंगाची हवी. निळ्या मोज्यावर पांढरी पट्टी दिसली तर पंच मैदानाबाहेर पाठवू शकतात. ब्लाउजला मॅचिंग अस्तर शोधत फिरणाऱ्या आपल्याला हा नियम पटायला हरकत नाही.

मोज्यांचे लाड एवढ्यावर थांबत नाहीत. २०२४ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडचे बुकायो साका, ज्यूड बेलिंगहॅम यांच्यासारखे कोट्यधीश खेळाडू पोटरीवर भोकं पाडलेले मोजे घालून उतरले होते. घट्ट मोज्यानं पोटरी आवळते, म्हणून ती सोय. बहिणीला हे सांगितल्यावर म्हणाली, ''त्यांची आई बघत नसेल सामना.''

बुटावरच्या पट्टीचं कारण आणखी सोपं आहे. नाडीची गाठ सामन्यात सुटू नये म्हणून तिच्यावरून एक वेढा. आपल्याकडच्या खडकाळ मैदानांवर दुसरंही एक कारण असतं, ते म्हणजे बुटाचा तळ सुटलेला असतो आणि नवा बूट पुढच्या महिन्यात येणार असतो. अमेरिकेत जो फुटबॉल खेळतात, तो चेंडू हातात धरून पळण्याचा, त्यात तर बूट आणि घोटा मिळून वरूनच पट्ट्यांनी लपेटून टाकायची पद्धत आहे. त्याला ते 'स्पॅटिंग' म्हणतात. पूर्वी साहेब लोक बुटावर कापडी गेटर चढवायचे, 'स्पॅट्स', त्यावरून हे नाव पडलं.

पण खरी पट्टी ही नव्हे. ती असते मोज्याच्या आत, थेट घोट्यावर, आणि ती आपल्याला टीव्हीवर दिसत नाही.

जानेवारीत शाळेच्या सामन्यात भाची चेंडूमागे वळली आणि उजवं पाऊल आतल्या बाजूला दुमडलं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला अर्ध्या तासात लिंबाएवढी सूज. घरात दोन पक्ष पडले. तिच्या आजीचं म्हणणं, ''बास झाला तो फुटबॉल. उद्या लंगडत चालायला लागली तर कोण बघायला येणार हिला?'' आणि तिच्या प्रशिक्षक सरांचं म्हणणं, चार दिवसांवर उपांत्य सामना आहे, टेप मारू, काही होत नाही. भाची अर्थातच सरांच्या बाजूची. ''मावशी, मी नाही बाहेर बसणार. टेप लावतो आणि खेळतो.'' (आमच्याकडच्या मुली 'खेळतो'च म्हणतात.)

आता दोन्ही बाजूंची माणसं तिच्या भल्याचंच बोलत होती. पण एक पक्ष घोटा कायमचा गेला असं धरून चालला होता आणि दुसरा त्याला काही झालंच नाही असं. मधली वाट सांगणारं कुणी नव्हतं. ती सांगितली तालुक्याच्या गावी नुकताच दवाखाना थाटलेल्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीनं.

तिनं आधी हाडाचा सांगाडा पुढ्यात घेऊन घोटा समजावला. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी उंचवट्याची हाडं हाताला लागतात, त्यातलं बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली उतरलेलं असतं. त्यामुळे पाऊल बाहेर वळायला अडतं, आत मात्र सहज वळतं. हाडांना हाडं बांधून ठेवणारे जे चिवट पट्टे असतात, लिगामेंट, ते आतल्या बाजूला रुंद आणि दणकट असतात. बाहेरच्या बाजूला मात्र तीन वेगवेगळ्या बारीक दोऱ्या. त्यातली पुढची दोरी सर्वांत कमजोर, म्हणून पाय मुरगळला की बहुतेक वेळा तीच ताणते किंवा तुटते. मैदानावरच नाही, तर ओल्या उंबऱ्यावर नाहीतर बसमधून उतरताना तुमचा-माझा पाय मुरगळतो तेव्हाही तीच.

''आणि आता नीट ऐक,'' ती भाचीला म्हणाली, ''घोटा पुन्हा मुरगळायचं सगळ्यांत मोठं कारण काय, तर तो आधी एकदा मुरगळलेला असणं.''

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. म्हणजे पहिली लचक बरी झाली की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. अर्धवट बऱ्या घोट्यावर पट्टी गुंडाळून खेळलेल्या मुली दोन-तीन वर्षांनी खेळ सोडतात, कारण घोटा सारखा 'सटकतो'. मग घरचे म्हणतात, बघ, आम्ही सांगत होतो.

मग पट्टी करते तरी काय? मला वाटायचं, प्लॅस्टरसारखी ती घोट्याला जखडून ठेवत असेल. सुरुवातीला तसं थोडं होतंही. ही पट्टी ताणली न जाणारी, झिंक ऑक्साइडची, साधारण दीड इंच रुंदीची. पाऊल काटकोनात धरायचं, पोटरीच्या खाली एक वेढा, पावलावर एक, आणि मग घोड्याच्या रिकिबीसारखी एका बाजूनं टाचेखालून दुसऱ्या बाजूला वर नेलेली पट्टी. त्यावर टाचेला वेढणारे आडवेतिडवे फेरे. बांधलेलं पाऊल आत वळता वळत नाही. पण पळून घाम आला की वीस-तीस मिनिटांत हा ताठपणा बराच कमी होतो, हे गेल्या साठेक वर्षांत अनेक चाचण्यांमध्ये दिसलेलं आहे. म्हणजे सामन्याच्या मध्यंतरापर्यंत पट्टी ढिली! तरी तिचा उपयोग होतो, कारण ती त्वचेला ओढून घोट्याची आठवण करून देते.

हे मला पटकन कळलं नाही. तेव्हा तिनं मला डोळे मिटून माझं पाऊल कुठे आहे ते सांगायला लावलं. वर, खाली, आत. सगळं बरोबर आलं. अंधारात जिना उतरताना पायरी कुठे आहे ते पायाला कळतं, ते याच जाणिवेमुळे. ही जाणीव सांध्यातल्या, स्नायूंतल्या आणि त्या लिगामेंटमधल्या बारीक मज्जातंतूंकडून येते. दोरी तुटली की तिच्यातले हे निरोपेही जातात. मग पाऊल वाकडं पडतंय हे मेंदूला उशिरा कळतं आणि पोटरीचे स्नायू सावरायच्या आत पाय मुरगळतो. पट्टी त्वचा ओढते, म्हणजे निरोप द्यायला दुसरं कुणीतरी उभं राहतं.

याला आधार देणारा एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या ५०४ फुटबॉलपटूंमधल्या काहींना हंगामभर घोट्याला आधाराचा पट्टा घालायला दिला होता. ज्यांचा घोटा आधी मुरगळलेला होता, त्यांच्यात पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण पट्ट्यामुळे बरंच घटलं. ज्यांचा कधीच मुरगळला नव्हता, त्यांना काही फरक पडला नाही. तेव्हा मैत्रिणीनं लावली म्हणून धडधाकट घोट्याला रोज पट्टी लावणं हा निव्वळ खर्च. आणि ताज्या सुजेवर पट्टी लावून मैदानात उतरवणं तर मुलीशी अन्यायच. वेदना हा शरीराचा निरोप असतो, तोच आपण दाबून टाकतो.

भाचीचा उपांत्य सामना गेला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिला खेळू द्यायला सांगेन, म्हणून तिनं मला बोलावलेलं होतं ना!

घरात पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करायचं, हे आपल्या हातात असतं. आमच्याकडे पाय मुरगळला की चोळून 'उतरवणारा' माणूस गाठायची पद्धत आहे. तेल जिरवून अंगठ्यानं जोर लावतात, मुलगी किंचाळते आणि सगळे म्हणतात, आता बसलं जागेवर. पण जिथे दोरी तुटून आत रक्त साकळलंय, तिथे पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि गरम शेक दोन्हीही सूज वाढवतात. पाय उशीवर उंच ठेवणं, क्रेप बँडेज हलक्या हातानं बांधणं, फार ठणकत असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, इतकंच. आंबेहळदीचा लेप आजीच्या समाधानासाठी लावला तरी बिघडत नाही, फक्त तो लावताना चोळू नका.

एक्स-रे कधी काढायचा? कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी साधे नियम दिले, ते आज जगभर वापरतात. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही त्या पायावर चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची मागची कड दाबल्यावर हाडावरच दुखत असेल, तर एक्स-रे. करंगळीच्या बाजूनं पावलाच्या मध्यावर जे टोकदार हाड लागतं ते, किंवा आतल्या बाजूला पावलाच्या कमानीच्या वरचं हाड दाबून दुखत असेल, तरीही. वाढत्या वयाच्या मुलामुलींत हाडाच्या टोकाशी वाढीचा मऊ भाग असतो, तिथली इजा लचकेसारखीच दिसते. म्हणून शाळकरी मुलीला डॉक्टरांना दाखवायची टाळाटाळ नकोच.

भाचीचं हाड शाबूत होतं. मग सुरू झालं ते काम पाहून आजी म्हणाली, ''यासाठी फी घेतली बाईनं?'' कारण काम होतं एका पायावर उभं राहायचं. आधी भिंतीजवळ, तीस सेकंद. मग डोळे मिटून. मग वाकळेची घडी घालून तिच्यावर. मग एका पायावर उभं राहून कुणीतरी टाकलेला चेंडू झेलायचा. दात घासताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, पाढे म्हणताना ती बगळ्यासारखी उभी. धाकटा भाऊ ढकलायला टपलेला, त्याचाही उपयोग करून घेतला.

दिसायला पोरखेळ, पण नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर याची नीट तपासणी झाली आहे. निम्म्यांना नेहमीचे उपचार, बाकीच्यांना त्याच्या जोडीला घरच्या घरी करायचे तोल साधण्याचे व्यायाम, आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा. पुढच्या वर्षभरात व्यायाम करणाऱ्यांमध्ये पुन्हा मुरगळण्याचा धोका ३५ टक्क्यांनी कमी निघाला. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. यात यंत्र नाही, औषध नाही, पट्टीही नाही. जे निरोपे तुटले होते त्यांच्या जागी नवे तयार करायचे, एवढंच. माझं स्पष्ट मत असं की, दप्तरात रोल ठेवायच्या आधी हे शिकवायला हवं.

मुलींसाठी तर आणखी एक गोष्ट आहे. नॉर्वेमध्ये २००७ च्या हंगामात १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर एक प्रयोग झाला. सरावाआधी वीसेक मिनिटं ठरावीक व्यायाम. पळणं, उड्या, एका पायावरचा तोल, मांड्यांची ताकद आणि उडी मारून खाली येताना गुडघे आत न वळू देणं. हे करणाऱ्या संघांमध्ये दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी होत्या. फिफानं हाच कार्यक्रम 'इलेव्हन प्लस' नावानं जगभर दिला आहे, तो फुकट आहे आणि त्याला फक्त मैदान लागतं. मुलीच्या शाळेत सरावाआधी नुसत्या दोन फेऱ्या मारून घेत असतील, तर पालकसभेत हा विषय काढा. गणवेशाच्या रंगावर आपण तासभर बोलतो, मग यावर दहा मिनिटं बोलायला काय हरकत आहे?

सहा आठवडे गेले. परत खेळायचं कधी, याचं उत्तर तारखेत नव्हतं, पायात होतं. दुखऱ्या पायावर न दुखता लंगडीच्या दहा उड्या, चांगल्या पायाइतक्याच लांब. नागमोडी पळणं. पळता पळता एकदम थांबून वळणं. हे सगळं जमल्यावर मग तिनं पट्टी बांधून दिली आणि बांधायला शिकवलीही, भाचीलाच नाही तर तिच्या आईलाही. कापलेल्या मोज्यांवरून भांडणारी माझी बहीण आता भाकरी थापावी तशा सराईत हातानं टाचेचे फेरे घालते. एक रोल दोन-तीनदाच पुरतो, त्यामुळे रोजच्या सरावाला नाडीनं आवळायचा कापडी आधारपट्टा आणलाय. तो धुऊन पुन्हा वापरता येतो. पट्टी फक्त सामन्यादिवशी.

बांधताना काही पथ्यं पाळावी लागतात. त्वचा कोरडी हवी, आधी तेल, व्हॅसलीन नको. थेट त्वचेवर लावून पुरळ उठत असेल तर खाली पातळ फोमची पट्टी मिळते ती घ्यावी. बांधून झाल्यावर पायाच्या बोटाचं नख दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं लगेच गुलाबी झालं नाही, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर ताबडतोब कापून काढायची. सामना संपला की पट्टी उतरवायचीच, रात्री तशीच ठेवून झोपायचं नाही. ओरबाडून काढू नका, त्वचा सोलते. आंघोळीच्या वेळी कोमट पाण्यात भिजवा आणि हळूहळू सोडवा. ती रंगीबेरंगी लवचिक पट्टी असते ना, जपानच्या केंझो कासे यांनी १९७० च्या दशकात काढलेली, ती घोट्याला आवर घालायच्या कामाची नाही. दिसते छान, पण मुरगळणाऱ्या घोट्यासाठी तिच्यावर पैसे घालवू नका.

जाता जाता आणखी एक, कारण यावरून अनेक मुलींचे सामन्याच्या दिवशी डोळे पाणावलेले मी मैदानावर पाहिले आहेत. फुटबॉलच्या नियमात अंगावर कोणताही दागिना चालत नाही. कानातलं, चमकी, गळ्यातली साखळी, बांगडी, अगदी मनगटातला रबर बँडसुद्धा. आणि त्यावर चिकटपट्टी लावून झाकलं तरी चालत नाही, हेही नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. पंच आधी तपासतात आणि काढायला लावतात. नव्यानं टोचलेल्या नाकातली चमकी काढली तर भोक बुजतं, न काढली तर सामना जातो. तेव्हा लेकीचं नाक टोचायचं असेल तर खेळाचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुरुवातीलाच टोचून घ्या. पुढचे सामने सुरू होईपर्यंत जखम भरून यायला वेळ मिळतो.